गाडीतल्या सीबी रेडिओची खरखर: आवाज कुठून शिरतो ते कसं शोधायचं

इंजिन बंद असताना सीबी सेट (सिटिझन्स बँड, गाड्यांनी आपसांत बोलायचा रेडिओ) स्वच्छ ऐकू येतो, आणि किल्ली फिरवली की सगळं खरखरीत बुडतं. अमेरिकेत जीप किंवा पिकअप घेऊन मोआब, डेथ व्हॅली अशा फोनची रेंज नसलेल्या भागात ताफ्याने जाणाऱ्या आपल्या मंडळींकडून माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. दुसरी तक्रार अशी: ऐकू सगळं येतं, पण मागच्या गाडीला माझा आवाज पोचत नाही. ही दोन दुखणी मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहेत की आता तपासणीचा क्रम ठरून गेलाय. तो इथे मांडतोय, कारण बहुतेक जण पहिल्याच दिवशी फिल्टर मागवतात आणि खरा दोष बोल्टखालच्या रंगात तसाच राहतो.

आधी लक्षणं

पाच मिनिटं नुसतं ऐका. आवाजाच्या जातीवरून निम्मं निदान होतं.

बारीक कुईं, ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो: अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र). तुम्ही बोलत असताना समोरच्यालाही हा सूर मागे ऐकू जातो.

टक-टक-टक, इंजिनच्या वेगाबरोबर जलद होणारी: इग्निशन. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात, तिथे अशी टकटक आली तर इंजेक्टर चालवणाऱ्या सर्किटकडे बघायचं.

किल्ली ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद घूं होऊन थांबते, इंजिन सुरू झालं की परत येते आणि मग वेग वाढवला तरी तशीच राहते: टाकीतला पेट्रोल पंप.

सगळ्या चॅनलवर दाट, एकसारखी चर्र, इंजिनशी संबंध नाही: फोनचा चार्जर, डॅशकॅम, बाहेरून लावलेले एलईडी दिवे.

पोहोच नाही, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ सगळ्यात चांगलं) सगळ्याच चॅनलवर ३ च्या वर, बोलायचं बटण दाबलं की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात, कधी माइकच्या धातूला ओठ लागला तर चटका बसतो: अँटेनाचं अर्थिंग. हे लक्षण दिसलं की बाकीचं सोडून तिथेच जा.

एक गोष्ट मात्र दोष नाही. दुपारी अचानक हजार मैलांवरच्या लोकांचे आवाज एकमेकांवर चढून यायला लागले, तर ते आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून येणारे सिग्नल आहेत. सूर्याची चक्रं जोरात असतात तेव्हा सीबीच्या २७ मेगाहर्ट्झवर हे होणारच. त्यावर गाडीत काही उपाय नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

गाडी मोकळ्या मैदानात न्या. विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, सोलर पॅनलचे इन्व्हर्टर, घरातली चार्जर मंडळी या सगळ्यांपासून लांब. ड्राइव्हवेमध्ये उभ्या गाडीत ऐकलेल्या आवाजावर भरवसा ठेवू नका. इंजिन बंद असूनही खरखर आहे आणि दोनशे मीटर पुढे गेल्यावर ती कमी झाली, तर दोष गाडीत नाहीच.

आता गाडीतलं जे जे उपटता येतं ते उपटा. सगळे यूएसबी चार्जर, डॅशकॅम, टायरच्या हवेचा पंप, फ्रिज. चार्जरला फोन लावलेला नसला तरी त्याच्या पोटातलं सर्किट चालूच असतं, म्हणून फोन काढून भागत नाही, चार्जर सॉकेटमधून बाहेर यायला हवा. हे सर्किट विजेला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं आणि त्याचे तुकडे २७ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. मग ब्लोअर, वायपर, हेडलाइट एकेक करून चालू-बंद करा. गुन्हेगार सापडला तर काम संपलं: तो चार्जर बदला. स्वस्त चार्जरवर फेराइट (वायरीवर चढवायचं, खरखर अडवणारं कडं) चढवत बसण्यापेक्षा चांगला चार्जर घेणं केव्हाही बरं.

यानंतरची तपासणी सगळ्यात मोलाची आहे आणि लोक नेमकी हीच टाळतात. इंजिन चालू ठेवा, आवाज येऊ द्या, आणि सेटच्या मागचा अँटेनाचा प्लग फिरवून काढा. या अवस्थेत माइकचं बटण अजिबात दाबायचं नाही. बाहेर पडायला वाट नसलेली शक्ती उलटी फिरून सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाळू शकते. फक्त ऐका. आवाज गेला, तर तो अँटेनाच्या वाटेने येत होता. आवाज तसाच राहिला, तर तो वीजपुरवठ्याच्या वायरमधून येतोय. पुढचे सगळे उपाय या एका उत्तरावर अवलंबून आहेत. वायरमधून येणाऱ्या आवाजावर अँटेना बदलून उपयोग नाही, आणि अँटेनातून येणाऱ्या आवाजावर वायरीतला फिल्टर काहीच करत नाही.

सेटवर एनबी आणि एएनएल अशी खरखर कापणारी बटणं असतील तर ती दाबून बघा. एनबी इग्निशनसारख्या टोकदार ठोक्यांवर चांगलं चालतं, अल्टरनेटरच्या कुईंवर नाही. स्क्वेल्च (ठरावीक पातळीखालचे आवाज बंद करणारं बटण) वाढवून आवाज दाबणं मात्र उपाय समजू नका. खरखर दबते तसे लांबचे बारीक आवाजही दबतात, आणि डोंगरात अडकलेल्या माणसाचा आवाज बारीकच असतो.

वीजपुरवठा

उत्तर वायरमधून असं आलं असेल तर सेटला वीज कुठून घेतलीय ते बघा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली असेल तर बहुधा दोष इथेच आहे. ती वायर बारीक, अनेक उपकरणांत वाटलेली, आणि सगळ्यांची घाण एकमेकांकडे नेणारी. सीबी सेट बोलताना साधारण दोन अँपिअरच घेतो, पण ते स्वच्छ मिळायला हवेत.

प्लसची वायर थेट बॅटरीवरून आणा, १४ गेज किंवा त्याहून जाड. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. सेटजवळचा फ्यूज सेटला वाचवतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर वायर घासून उघडी पडली तर तुमच्या गाडीला वाचवणारा फ्यूज बॅटरीजवळचाच. त्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रॉमेट हवाच.

मायनसच्या बाबतीत जुना सल्ला ‘तीही थेट बॅटरीवर’ असा आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मायनसच्या टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीत येणारी-जाणारी वीज मोजतो. तुमची वायर सेन्सर चुकवून टोकावर लावली तर गाडीचा हिशोब बिघडतो. तिथे बॅटरीची मायनस केबल जिथे बॉडीला बोल्ट केलीय, त्या बोल्टवर लावा. रेडिओसाठी ही जागाही तितकीच चांगली.

मग मल्टिमीटर. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. सेटच्या प्लगवर मोजा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा (अँटेना परत जोडूनच). अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर वाटेत कुठला तरी जोड सैल किंवा गंजलेला आहे.

सगळ्यात निर्णायक खात्री हवी असेल तर घरातल्या यूपीएसमधली १२ व्होल्टची छोटी बॅटरी मांडीवर घ्या आणि सेट गाडीपासून तोडून तिच्यावर चालवा. कुईं नाहीशी झाली तर शंकेला जागाच उरत नाही.

अँटेनाचं अर्थिंग

आता मुख्य मुद्दा. ‘अर्थिंग तपासलं, मीटर बीप करतो’ असं मला सांगितलं जातं. बॅटरीच्या विजेसाठी ते पुरेसं आहे. रेडिओच्या लहरीसाठी नाही.

सीबीची लहर सुमारे ११ मीटर लांब. गाडीवरची अँटेना म्हणजे त्या लहरीच्या पाव भागाचा, २.७५ मीटरचा, अर्धा संसार. उरलेला अर्धा गाडीचा पत्रा सांभाळतो. बाजारातल्या मीटरभर अँटेना आत वेटोळं घालून पाव लहरीइतक्या वागवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना पत्र्याची गरज जास्तच. म्हणून अँटेनाची सगळ्यात चांगली जागा टपाच्या मधोमध, आणि सगळ्यात वाईट मागच्या बंपरच्या कोपऱ्यात, जिथे निम्मी अँटेना पत्र्याच्या आडच उभी असते.

मीटरची बीप का पुरत नाही? मीटरभर लांबीच्या साध्या वायरचा रोध ओहमच्या शंभराव्या भागात असतो, मीटर त्याला शून्यच म्हणेल. पण त्याच वायरचं इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री असतं, आणि २७ मेगाहर्ट्झवर ते १७० ओहमच्या आसपास अडथळा होऊन उभं राहतं. सेट ते अँटेना जाणारी कोॲक्स केबल ५० ओहमची. म्हणजे माउंटपासून (अँटेनाच्या बैठकीपासून) चासीपर्यंत (गाडीच्या सांगाड्यापर्यंत) मीटरभर हिरवी वायर ओढली, तर बीप येईल पण रेडिओच्या दृष्टीने अर्थ मिळालेलाच नाही. अर्थची जोड आखूड हवी आणि रुंद हवी: तांब्याची विणलेली चपटी पट्टी, हातभर नाही, वीतभर.

तपासायचं असं. मीटरच्या दोन्ही टोकांना आधी एकमेकांना टेकवून त्यांचाच रोध बघून ठेवा. मग एक टोक माउंटच्या उघड्या धातूला, दुसरं चासीच्या स्वच्छ बोल्टला. फरक अर्ध्या ओहमच्या आत हवा. आकडा बघताना माउंट हलवा, दार उघड-मीट करा. आकडा नाचला तर खडकाळ रस्त्यावर तुमचा सेटही नाचणार.

जीपमध्ये सुट्या टायरच्या ब्रॅकेटवर अँटेना लावायची पद्धत आहे. तो ब्रॅकेट मागच्या दारावर, दार बिजागरांवर, आणि बिजागरांत रंग, ग्रीस, बुशिंग. धातूला धातू लागलेलाच नसतो. २०१८ पासूनच्या रँग्लरच्या मागच्या दाराचा तर आतला सांगाडा मॅग्नेशियमचा आणि बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. तिथे बिजागराला वळसा घालून विणलेली पट्टी टाका, दार उघडायला पुरेल इतकीच ढिली. फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची. तिला चुंबकी माउंट चिकटत नाही, आणि साधा लोखंडी बोल्ट लावला तर दोन धातूंमध्ये गंज धरतो. स्टेनलेसचे बोल्ट आणि ॲल्युमिनियमच्या जोडांना लावायची पेस्ट वापरा.

दुरुस्ती स्वस्त आहे. एका बोल्टखालचा रंग वॉशरच्या आकाराइतकाच पॉलिश पेपरने घासून काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून झाका. उघडा ठेवलात तर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत वर्षभरात तिथे गंज आलेला असेल. हे काम वीस मिनिटांचं आहे, आणि ‘सेट खराब आहे’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच मी एवढ्यावर परत पाठवल्यात.

चुंबकी माउंटचं गणित निराळं. तो रंगावरच बसतो आणि रंगाच्या थरातून कपॅसिटरसारखा पत्र्याशी जोडला जातो. त्याला रंग घासायची गरज नाही. फक्त खाली रबराची चकती किंवा जाड टेप लावू नका.

अँटेनाच्या बुडाशी एक नायलॉनचा वॉशर असतो, मधला खिळा आणि ब्रॅकेट वेगळे ठेवणारा. तो उलट्या क्रमाने लागला तर दोन्ही एक होतात आणि एसडब्ल्यूआरचा काटा सगळ्या चॅनलवर शेवटाला जातो. केबल सेटपासून काढून तिच्या प्लगची मधली पिन आणि बाहेरचं कवच यांत मीटर लावा. बीप येता कामा नये. काही अँटेनांच्या बुडाशी मुद्दाम वेटोळं टाकून अर्थला जोडलेलं असतं, तिथे बीप बरोबर. माहितीपत्रक बघून ठरवा.

केबल आणि एसडब्ल्यूआर

केबल दारात चेमटलेली आहे का, प्लगच्या तोंडाशी जाळी तुटलीय का, पावसाचं पाणी आत गेलंय का, हे डोळ्यांनी आणि बोटांनी बघा. ५० ओहमची आरजी-८एक्स किंवा आरजी-५८ चालते. टीव्हीची ७५ ओहमची केबल एकट्या अँटेनाला लावू नका.

केबल बरोबर अठरा फुटांचीच हवी असं तुम्हाला सांगणारे भेटतील. एकच अँटेना असेल आणि अर्थ पक्का असेल, तर लांबीने एसडब्ल्यूआरमध्ये लक्षणीय फरक पडायला नको. लांबी बदलल्यावर आकडा बराच बदलत असेल, तर केबलची बाहेरची जाळीच अँटेना झालीय, म्हणजे अर्थ कमजोर आहे. मागच्या भागात परत जा. अपवाद फक्त पत्र्याशिवाय चालणाऱ्या खास अँटेनांचा. फायबर बॉडीच्या गाड्यांसाठी त्या मिळतात आणि त्यांची केबल त्यांच्याच जोडीची असते, ती बदलायची नाही.

एसडब्ल्यूआर मोजायचा मोकळ्या जागी, दारं बंद करून, अँटेनाजवळ माणूस उभा नसताना. चॅनल १, १९ आणि ४०. दीडच्या आत असेल तर उत्तम, तेव्हा फक्त ४ टक्के शक्ती परत येते. २ वर ११ टक्के, ३ वर २५ टक्के. ३ च्या वर बोलूच नका. १ वर जास्त आणि ४० वर कमी असेल तर अँटेना आखूड पडतेय, थोडी लांब करा. उलट असेल तर लांब आहे, कमी करा. तिन्हीकडे जास्त असेल तर दांडी कापू नका. तो अर्थचा किंवा शॉर्टचा दोष आहे, कापलेली दांडी परत येत नाही.

एवढं करून आवाज राहिलाच तर

अँटेनातून येणारी टकटक बऱ्याचदा बॉनेटखालून बाहेर पडते. बॉनेटही बिजागरांवर लटकलेलं, रंगाने वेगळं पडलेलं. बॉनेट ते बॉडी एक विणलेली पट्टी लावा. सायलेन्सरचा पाइप रबरांवर टांगलेला असतो आणि इंजिनातली घाण शेपटीसारखी मागे नेऊन फेकतो. त्यालाही स्टेनलेसच्या पट्ट्याने चासीशी जोडा.

फेराइट घ्यायचेच तर ३१ नंबरच्या मिश्रणाचे घ्या. ते आवाज करणाऱ्या वस्तूच्या वायरवर, त्या वस्तूच्या जवळ लावायचे. नुसती चिमटी लावण्यापेक्षा तीन वेढे घातले तर अडथळा साधारण नऊपट होतो. अल्टरनेटरच्या कुईंला मात्र फेराइट लागू पडत नाही, कारण तो आवाज रेडिओच्या नाही, कानाच्या पट्ट्यातला आहे. त्याला सेटच्या प्लसच्या वायरमध्ये बसणारा चोक फिल्टर लागतो, तोही वायर थेट बॅटरीवर नेऊन झाल्यावरच.

फिल्टर लावायच्या आधी अल्टरनेटर बघा. मीटर एसी व्होल्टवर, हेडलाइट चालू, इंजिन संथ, बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर आतला डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसी मोजलं की भलताच आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून बघा. तेव्हा शून्याच्या जवळ नसेल तर त्या मीटरवर विसंबू नका. स्पार्क प्लग रेझिस्टर असलेलेच हवेत, आणि जुन्या गाडीत त्यांच्या वायरीही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन ओळी. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॉटपर्यंत, २००५ पासून परवान्याविना वापरता येतात, मात्र सेटला सरकारी मान्यता लागते. अमेरिकी सेटची १ ते २७ चॅनल या पट्ट्यात बसतात, २८ ते ४० बसत नाहीत. आणि आपल्याकडच्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. सीबी १२ व्होल्टचा. मधला स्वस्त कन्व्हर्टर हाच खरखरीचा पहिला संशयित धरा. कोकणातल्या खाऱ्या हवेत बोल्ट झाकण्यात हयगय नको. हॅम मंडळींच्या (परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांच्या) गाडीतल्या एचएफ (लघुलहरी) सेटलाही तपासणीचा हाच क्रम लागू पडतो.

कुठे थांबायचं

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की हात मागे. त्यांत जीवघेणा व्होल्टेज असतो. तिथे आवाज मोटरच्या इन्व्हर्टरमधून येत असेल तर तो पूर्ण जाईलच असंही नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, सेट बसवायची त्यांची ठरलेली पद्धत असते.

पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. दाराच्या खांबातून केबल नेताना पडद्यासारखी एअरबॅग आडवी येत असेल, आणि तिच्या मागून जाणारी वाट तुम्हाला नक्की माहीत नसेल, तर ते काम गाडीच्या इलेक्ट्रिशियनला द्या.

बटण दाबल्यावर एबीएसचा किंवा इंजिनचा दिवा लागला, गाडी अडखळली, तर बोलणं थांबवा आणि अर्थ पक्का होईपर्यंत सेट वापरू नका. अल्टरनेटर उघडणं, टपाला भोक पाडणं, पेट्रोल टाकीतल्या पंपाच्या वायरीला हात लावणं ही घरी करायची कामं नाहीत. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; व्होल्टेज उसळून गाडीतले कॉम्प्युटर जळू शकतात.

सेटमध्येच दोष वाटला तर ट्रक स्टॉपवरच्या सीबी दुकानात न्या. तिथे सेट उघडून शक्ती वाढवून देतो असं सांगितलं तर नको म्हणा. अमेरिकेत एएमवर ४ वॉट ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ओढूनताणून वाढवलेला सेट शेजारच्या चॅनलवरही पसरतो.

कुणाकडेही जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: अँटेना काढल्यावर आवाज राहिला की गेला, वेगळ्या बॅटरीवर काय झालं, आणि तीन चॅनलचे एसडब्ल्यूआर. एवढं हातात असलं की मेकॅनिकला शोधाशोध नव्याने सुरू करावी लागत नाही, आणि तुम्हालाही त्या तासाचे पैसे मोजावे लागत नाहीत.